जहाज बंदरात आले, आता लवकर उतरायचे कसे?

सकाळचे साडेसात वाजले होते. केबिनच्या खिडकीतून ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचा उंच कडा आणि त्याच्या माथ्यावरची पांढरीशुभ्र घरे दिसत होती. भूमध्य समुद्रातील आमची ही पहिलीच क्रूझ. सासूबाई केव्हाच साडी नेसून, पायात बूट घालून तयार होत्या. ‘‘आई, आधी पोटभर नाश्ता करू, मग आरामात उतरू,’’ असे मीच म्हणाले.

नाश्ता आटोपून खाली आलो, तर आमच्यापुढे शेकडो माणसे. किनाऱ्याला पाय लागले तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुढे केबल कारची रांग वेगळीच. वर गावात पोहोचलो आणि परतीच्या रांगेच्या धास्तीने चाळीस मिनिटांतच खाली निघालो. बोटीत सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘अगं, गाव लांबूनच जास्त छान दिसत होतं.’’

त्या सहज बोलल्या, पण मला ते लागले. एवढा खर्च करून इतक्या दूर यायचे आणि बंदरातले मोलाचे तास रांगेत घालवायचे! त्या दिवशी एक गोष्ट मात्र कळली. जहाजातून लवकर उतरणे सकाळच्या धावपळीवर नाही, तर आदल्या रात्रीच्या तयारीवर अवलंबून असते.

धक्का की छोटी बोट?

प्रत्येक बंदराबद्दल सर्वात आधी हेच विचारा. नेपल्स, बार्सिलोना, पिरेयस येथे जहाज सहसा धक्क्याला लागते. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली की घोषणा होते आणि लोक जिन्याने चालत उतरतात. सँटोरिनीला मात्र जहाज समुद्रातच थांबते आणि छोट्या बोटींनी किनारा गाठावा लागतो. फ्रान्समधील व्हिलफ्रान्श येथेही तसेच आहे.

अशा ठिकाणी बोटीसाठी बहुधा क्रमांक दिले जातात. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाने. क्रमांक कुठे आणि किती वाजता मिळणार, हे आदल्या संध्याकाळच्या पत्रकात किंवा जहाजाच्या मोबाईल अॅपवर पाहून ठेवा. घरातील सगळ्यांनी एकत्रच जावे लागते का, तेही विचारा.

सँटोरिनीच्या जुन्या बंदरातून फिरा गावात जायला केबल कार आहे, नाहीतर सुमारे सहाशे पायऱ्या. पायऱ्यांवरून खेचरांची ये-जा असते, त्यामुळे त्या निसरड्या होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. केबल कार वर पोहोचायला फक्त काही मिनिटे घेते, वेळ जातो तो रांगेत. म्हणून पहिल्या बोटींपैकी एखादी मिळणे फार महत्त्वाचे.

आदल्या रात्री एवढे कराच

* प्रत्येकाचे जहाजाचे कार्ड, ओळखपत्र, पासपोर्टची झेरॉक्स, औषधे आणि पाण्याची बाटली एकाच पिशवीत भरा. मूळ पासपोर्ट बरोबर न्यायचा का, हे जहाजावर विचारून घ्या.
* नाश्ता केबिनमध्येच मागवा किंवा भोजनगृह उघडताच उरकून घ्या. मोठ्या भोजनगृहात सकाळी आठच्या सुमारास सर्वाधिक गर्दी असते.
* बाहेर पडण्याचा दरवाजा कोणत्या मजल्यावर उघडणार, ते पाहून ठेवा. उतरायच्या वेळी लिफ्ट भरलेल्या असतात. ज्यांना जमेल त्यांनी जिन्याने जावे.
* व्हीलचेअर हवी असेल तर आधीच सांगा. छोट्या बोटीत ती नेता येतेच असे नाही.

बंदर म्हणजे शहर नव्हे

पत्रकात ‘रोम’ असे छापलेले असते, पण जहाज लागते चिविटावेकिया येथे, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे प्रत्यक्षात लिव्होर्नो. तेथून आगगाडीने फ्लॉरेन्सला साधारण दीड तास लागतो, पिसाला मात्र २० मिनिटेही लागत नाहीत. वृद्ध माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर पिसाच बरे.

नेपल्सला जहाज थेट शहराच्या मध्यात लागते. समोरच किल्ला, शेजारीच काप्रीला जाणाऱ्या बोटी. तेथे पहिल्या रांगेत उभे राहण्याची घाई करू नका, थोडे उशिरा उतरलात तरी फारसे बिघडत नाही. पिरेयसहून अथेन्सच्या मध्यभागी मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते.

व्हेनिसचे मात्र चित्र बदलले आहे. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाता येत नाही. पुष्कळ जहाजे दूरच्या धक्क्याला किंवा दुसऱ्याच गावी थांबतात. तिकीट काढतानाच बंदराचे खरे नाव विचारा.

परतीचे घड्याळ

लवकर उतरण्याइतकेच वेळेवर परतणे महत्त्वाचे. सर्वांनी जहाजावर यायची वेळ ही जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ग्रीसचे घड्याळ इटलीपेक्षा एक तास पुढे आहे, तेव्हा जहाजावर कोणती वेळ पाळतात ते पाहून घ्या. स्वतःच्या हिंमतीवर फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. लांबच्या ठिकाणाहून निघताना किमान दोन तास हाताशी ठेवा. पत्रकावरचा बंदरातील एजंटचा फोन नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

आम्ही रोमला हा धडा गिरवला. सहा वाजता केबिनमध्ये चहा-टोस्ट घेतला आणि घोषणा होताच जिन्याकडे निघालो. बंदरातील बसने बाहेर पडून स्टेशन गाठले. रोमच्या मुख्य स्थानकापर्यंत न जाता अलीकडच्या सान पिएत्रो स्थानकावर उतरलो. तेथून सेंट पीटर्स चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रांग अजून लहान होती. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा तेथला नियम. सासूबाईंच्या साडीला त्याची काय अडचण!

आत मायकलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मांडीवर मुलाचे निष्प्राण शरीर घेतलेली आई. मी घड्याळाकडे पाहिले तशा त्या म्हणाल्या, ‘‘आज घाई नाही ना गं?’’

नव्हती. त्या दिवशी खरेच घाई नव्हती.