आळे आधी की आहुपे?

गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली साधी फाइल घ्या: सावरगाव, आहुपे, ओतूर, आळे, मंचर. टर्मिनलमध्ये तिच्यावर सॉर्ट चालवला की यादी लागते. पण बऱ्याच सर्व्हरवर जुन्नर तालुक्यातलं आळे आधी येतं आणि आंबेगावच्या पश्चिम टोकाचं आहुपे त्याच्याखाली. मराठी वर्णमालेत ह आधी, ळ नंतर. म्हणजे आहुपे वर हवं.

सॉर्ट इथे चुकत नाही. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे आणि ह त्याच्याही पुढे सहा घरं. कोणत्या भाषेचा क्रम पाळायचा हे सांगितलं नसेल, तर संगणक ते क्रमांकच पाहतो. भाषेचा क्रम, तारखेची मांडणी, दशांशचिन्ह, संदेशांची भाषा या सगळ्या सवयी एकत्र नोंदवण्याची सोय म्हणजे लोकेल. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम नोंदलेला आहे. जुन्या मशीनवरच्या लोकेलमध्ये तो असेलच असं नाही, म्हणून आहुपे आणि आळे ही जोडी चाचणीसाठी हाताशी ठेवावी.

टर्मिनलमध्ये नुसतं लोकेल असं टाइप केलं की सध्याची मांडणी दिसते. सगळ्यांत वर लँग, म्हणजे सर्वसाधारण पसंती. तिच्याखाली एलसीने सुरू होणारी वेगवेगळी खाती: कोलेट म्हणजे क्रम, सीटाइप म्हणजे अक्षरांची ओळख, टाइम म्हणजे तारीख-वेळ, न्यूमेरिक म्हणजे आकडे, मेसेजेस म्हणजे संदेश. शेवटी एलसी-ऑल. ही नावं प्रत्यक्षात रोमन मोठ्या अक्षरांत लिहितात. एलसी-ऑल भरलेलं असेल तर बाकी कुणाचं काही चालत नाही. ते रिकामं असेल तर त्या-त्या खात्याचं ऐकलं जातं, आणि खातंही रिकामं असेल तर लँगचं.

म्हणूनच एलसी-ऑल सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवू नये, असं मी आग्रहाने सांगतो. ते एखाद्या आज्ञेपुढे, तेवढ्यापुरतं लावावं. रोजच्या कामाला मला पटणारी रचना अशी: सीटाइप आणि कोलेट मराठी, संदेश इंग्रजी. संदेश इंग्रजी ठेवण्यात भाषेची उपेक्षा नाही. अडचण आली की तोच संदेश जसाच्या तसा शोधून उत्तर सापडतं. पण जिथे समोर गावातला माणूस बसून कार्यक्रम वापरणार आहे, तिथे संदेशही मराठीच हवेत.

आता कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी. सी भाषेतला प्रत्येक कार्यक्रम सुरू होताना ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये असतो. वापरणाऱ्याने लँग कितीही नीट लावलं, तरी सेटलोकेल हे फंक्शन रिकाम्या नावाने बोलावल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. ही एक ओळ राहून गेली की मराठीचं सगळं बिनसतं.

जुन्नर हाच शब्द पाहा. यूटीएफ-8 मध्ये तो 18 बाइट्सचा आहे. ज, उकार, न, पाय मोडायचं चिन्ह, न, र अशी त्यात 6 चिन्हं आहेत. उकार आणि पाय मोडायचं चिन्ह टर्मिनलच्या हिशेबात जागा घेत नाहीत, म्हणून रकाने 4. आणि वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात 3. डब्ल्यूसी या आज्ञेला चिन्हं मोजायला सांगा: मराठी लोकेलमध्ये 6 येतील, ‘सी’मध्ये 18. तक्त्याची उभी रेघ वाकडी होते ती बहुधा याच घोळामुळे, कारण कुणी बाइट्स मोजून मोकळी जागा सोडतं तर कुणी चिन्हं मोजून. रकान्यांची रुंदी मोजणारं डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन वापरणं त्यातल्या त्यात बरं. जोडाक्षरांपुढे तेही अपुरं पडतं, कारण फॉन्ट न्न कसा काढणार हे त्याला माहीत नसतं.

आकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे आणि तिची निरीक्षणं देशोदेशींचे अभ्यासक वापरतात. समजा, त्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर जर्मन लोकेल आहे. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम. तिथे बॅशमधल्या प्रिंटएफला हायड्रोजनच्या रेषेची वारंवारिता 1.42 गिगाहर्ट्झ अशी दिली, तर तो हा आकडाच अवैध ठरवतो. म्हणून फाइलमध्ये साठवायचे आणि दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचे आकडे नेहमी ‘सी’च्या रीतीने लिहावेत. माणसाला दाखवताना हवं ते रूप द्यावं. सॉर्टचंही तसंच. यादी एका लोकेलमध्ये लावली आणि जॉइन दुसऱ्यात चालवलं, तर फाइल क्रमाने नाही अशी तक्रार येते. दोन्ही आज्ञांना एकच लोकेल द्या.

राहिला दूरचा सर्व्हर. एसएसएचने आत शिरलात की डेबियनसारख्या प्रणालींवर तुमच्या मशीनचं लोकेलही सोबत पाठवलं जातं. तिथे मराठी लोकेल तयार केलेलं नसेल, तर पर्ल लोकेल लावता आलं नाही असा इशारा देतं आणि ‘सी’वर परततं. काय-काय उपलब्ध आहे ते लोकेल आज्ञेला ए हा पर्याय देऊन पाहा. मराठी नसेल आणि सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल, तर ईटीसीमधल्या लोकेल-जेन फाइलमधली मराठीची ओळ खुली करून लोकेल-जेन चालवा. ताब्यात नसेल तर ‘सी’चाच यूटीएफ-8 अवतार लावा. ग्नूच्या सी लायब्ररीत तो 2022 च्या 2.35 आवृत्तीपासून अधिकृतपणे आहे. त्यात अक्षरं शाबूत राहतात, पण आळे मात्र आहुपेच्या वरच राहतं.