कुंपण नाही, तरी मेंढ्या हद्दीत कशा?

उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील मेंढपाळांच्या तोंडी ‘हेफ्ट’ किंवा ‘हीफ’ असा शब्द असतो. शहरी इंग्रजांनाही तो क्वचितच ठाऊक! अर्थ : उघड्या डोंगरावर एका कळपाचे ठरलेले चराऊ रान. कोकरू आईमागे चरता चरता त्याची हद्द शिकते आणि मोठेपणी आपल्या कोकरांना शिकवते. म्हणूनच शेताचे कूळ बदलले, तरी तिथल्या हर्डविक मेंढ्या बहुधा जमिनीबरोबरच राहतात. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत कळपच्या कळप मारावे लागले, तेव्हा मोठी धास्ती याचीच होती. बाजारातून आणलेल्या मेंढ्यांना हद्द ठाऊकच नसते. त्या रानाला रुळेपर्यंत मेंढपाळाला रोज डोंगर चढून त्यांना माघारी वळवावे लागते.