माप कुणाचं धरायचं?

लेखमाला : जाळ्यातली दारं
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात शेअर्ड फोल्डरच्या पासवर्डांबद्दल लिहिलं, त्यावर एका शिक्षिकेने विचारलं, "पासवर्ड पक्का होता, कुणाला सांगितला नव्हता, तरी बाहेरचा माणूस आत शिरलाच कसा?" हा प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवतो, म्हणून आजचा पूर्ण लेखांक त्यालाच दिला आहे.

फाइल वाटून देणारा सर्व्हर पाहुण्याची ओळख नीट पटवण्याआधीच त्याच्याकडून आलेला बराच मजकूर वाचून काढतो. त्याला वाचावाच लागतो, पाहुणा काय म्हणतोय हे कळल्याशिवाय "तू कोण?" असं विचारणार तरी कसं? या वाचण्यातच चूक असेल, तर पासवर्डपर्यंत गोष्ट जातच नाही.

आधी चूक कोणत्या जातीची, ते समजून घेऊ. बँकेत पैसे भरायची स्लिप आठवा. नावासाठी वीस चौकटी, पलीकडे रकमेच्या चौकटी. नाव लांबलचक असलं तर आपण आडनाव आखडतो, कारण रेघ डोळ्यांना दिसते. संगणकाच्या मेमरीत अशा रेघा नसतात. तिथे बाइटांची एक सलग रांग असते. त्यातले वीस नावासाठी आणि पुढचे चार रकमेसाठी, ही वाटणी प्रोग्राम लिहिणाऱ्याने मनाशी धरलेली असते. नावासाठी राखलेल्या त्या वीस बाइटांच्या जागेला बफर म्हणायचं. त्यात तीस बाइट ओतले तर उरलेले दहा मुकाट्याने रकमेच्या जागी जाऊन बसतात. हाच बफर ओव्हरफ्लो. सी भाषेत हे घडताना भाषा स्वतःहून अडवत नाही. जागा किती आणि मजकूर किती, हे ताडून पाहण्याचं काम तिने लिहिणाऱ्यावर सोपवलेलं आहे.

रांगेत शेजारी फक्त रक्कमच असते असंही नाही. एखादं काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचं, तो पत्ताही बऱ्याचदा तिथेच जवळ लिहिलेला असतो. ओसंडलेल्या मजकुराने तो पत्ता बदलला, की प्रोग्राम हल्लेखोराने सांगितलेल्या ठिकाणी जातो आणि तिथे जे लिहिलं असेल ते इमानेइतबारे करायला लागतो.

आता फाइल वाटण्याकडे येऊ. विंडोजचे संगणक आपापसात फाइली आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी जी बोली बोलतात तिचं नाव एसएमबी. तिची सुरुवात आयबीएममध्ये १९८० च्या दशकात झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१ च्या अखेरीस हीच बोली युनिक्सवर आणायला घेतली. त्यातून सांबा हा मोफत प्रोग्राम उभा राहिला. एस, एम, बी ही अक्षरं ज्यात क्रमाने येतात असे शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दकोशात शोधले आणि त्यातून हे नाव उचललं. ऑफिसातल्या कपाटावर ठेवलेली नॅसची, म्हणजे सगळ्यांच्या फाइली साठवून वाटणारी पेटी आपण वापरत असाल, तर बहुधा तिच्यात आजही सांबाच चालू असतो.

७ एप्रिल २००३ रोजी सांबाची २.२.८ए ही आवृत्ती घाईने काढावी लागली. चूक फाइल उघडण्याच्या 'ट्रान्स२ ओपन' या विनंतीत होती. पाहुणा फाइलचं नाव पाठवतो, सर्व्हर ते १,०२४ बाइटांच्या बफरमध्ये उतरवून घेतो. उतरवण्यासाठी वापरलेलं फंक्शन चांगलं होतं. किती बाइटांवर थांबायचं ते त्याला सांगावं लागतं आणि तेवढ्यावर ते थांबतंही. पण सांगितलेला आकडा काढला होता पाहुण्याने पाठवलेल्या नावाची लांबी मोजून! म्हणजे तीन हजार बाइटांचं नाव आलं तर हुकूम जायचा, "तीन हजारांवर थांब." बफर १,०२४ चा आहे, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. सांबा रूट म्हणून, म्हणजे मालकाच्या हक्काने चालत असल्यामुळे ओळख न सांगता आलेला पाहुणा थेट मालक होऊन बसायचा.

ही ओळ मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवते. "यात मर्यादा घातली आहे ना?" असं विचारलं, की बहुतेक जण "हो" म्हणतात, आणि मर्यादा खरोखरच घातलेली आहे. ती कुणाच्या मापाने घातली, हे पाहायला सवय लागते.

चौदा वर्षांनी विंडोजमध्ये तीच जात वेगळ्या रूपात उघडकीला आली. तिचा फायदा घेणाऱ्या हत्याराचं नाव इटर्नलब्लू. विंडोजचा एसएमबी सर्व्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे इथली चूक सगळ्या यंत्राचा ताबा देऊन बसते. ओएस/टू या १९८७ साली आलेल्या प्रणालीत फाइलला काही जादा नोंदी चिकटवता येत. त्या नोंदींची यादी जुन्या पद्धतीने आली तर विंडोजचा सर्व्हर तिला नव्या पद्धतीत बदलून घेत असे. यादीच्या माथ्यावर तिची एकूण लांबी लिहिलेली असते, आणि ती लिहितो पाठवणाराच.

सर्व्हर भोळा नव्हता. तो यादी नोंदीनोंदीने तपासायचा, एखादी नोंद हद्दीबाहेर गेलेली दिसली तर ती सोडून द्यायचा आणि माथ्यावरचा आकडा कमी करून लिहायचा. चूक या दुरुस्त करण्यातच होती. समजा वहीत १०० लिहिलंय आणि ते खोडून ९८ करायचं आहे. कारकुनाने शेवटचे दोनच आकडे खोडले, तिथे ९८ लिहिलं, आणि पुढचा १ तसाच राहू दिला. वहीत काय दिसणार? १९८. विंडोजमध्ये अगदी हेच झालं. माथ्यावरचा आकडा चार बाइटांचा होता, पण दुरुस्ती दोनच बाइटांत लिहिली जाई. त्यामुळे ६५,५३६ चे ६५,३७३ व्हायचे, त्याऐवजी १,३०,९०९ झाले. जागा घेतली होती तपासलेल्या छोट्या यादीपुरती. उतरवणं चाललं या फुगलेल्या आकड्याने.

इतकी मोठी यादी मुळात त्या विनंतीतून पाठवताच येऊ नये, कारण तिची मर्यादाच ६५,५३५ बाइटांची. पण एका प्रकारच्या विनंतीने सुरुवात करून पुढचे तुकडे दुसऱ्या प्रकारचे म्हणून पाठवले, तर सर्व्हर गोंधळून शेवटच्या तुकड्याचा प्रकारच सगळ्याला लावायचा, आणि मोठी यादी पलीकडे पोचायची. त्यानंतर हल्लेखोर भराभर जोडण्या उघडत आणि मिटत मेमरीत आपल्याला हवा तो शेजार जमवतो. ओसंडलेले बाइट शेजारच्या जोडणीच्या नोंदीवर पडतात. त्या नोंदीत "पुढचा मजकूर कुठे उतरवायचा" हा पत्ता असतो. तो बदलला की सर्व्हर हल्लेखोराचा पुढचा मजकूर स्वतःच्या हाताने त्याने सांगितलेल्या जागी लिहून ठेवतो. विंडोज ७ मध्ये मेमरीतली एक जागा नेहमी त्याच पत्त्यावर असे आणि तिथे लिहिलेला कोड चालवताही येई. हल्ल्याला तीच जागा पुरली. शिक्षिकाबाईंच्या पासवर्डचा संबंध कुठेच आला नाही.

हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं मानलं जातं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एमएस१७-०१० या नावाने दुरुस्ती दिली. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या टोळीने हत्यार जगापुढे उघडं टाकलं. १२ मे रोजी हेच हत्यार वापरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम सुटला, तेव्हा दुरुस्ती हातात येऊन ५९ दिवस झाले होते. सुमारे १५० देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने धरले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसऱ्या इस्पितळांकडे वळवाव्या लागल्या. एखाद्या देशाने शोधलेली चूक निर्मात्याला न सांगता स्वतःजवळ हत्यार म्हणून ठेवावी का, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. ठेवू नये. ती चूक शत्रूच्या संगणकात असते तशीच आपल्या इस्पितळातही असते.

दीड महिन्यात ही लाट आपल्या किनाऱ्याला लागली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. त्याच्याकडे इटर्नलब्लू होतंच, शिवाय एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून शेजारच्या संगणकात शिरण्याची युक्तीही होती. म्हणून दुरुस्ती केलेली यंत्रंसुद्धा एखाद्या न केलेल्या यंत्रापायी बळी पडली. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली, आणि तिच्याबरोबर उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातलं, मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जाणारं टर्मिनलही. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या जहाजावर चढवायचा, कोणत्या ट्रेलरला द्यायचा, हे सगळं संगणकाच्या हिशेबावर चालतं. तो हिशेबच गेल्यावर क्रेन धडधाकट असून काय उपयोग? मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं, की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचं. कंपनीच्या साऱ्या खात्यांची यादी सांभाळणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानातला एक तेवढा वाचला, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या चुकीची दुरुस्ती एवढीच होती, की दोन बाइटांऐवजी चार बाइट लिहायचे.

ही चूक बोलीच्या जुन्या आवृत्तीत, एसएमबी १ मध्ये होती; ती गेली म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नका. मार्च २०२० मध्ये अगदी नव्या ३.१.१ या आवृत्तीतही अशीच चूक सापडली. दाबून लहान केलेला मजकूर सोडवण्यासाठी किती जागा घ्यायची, हे सर्व्हर दोन आकड्यांच्या बेरजेवरून ठरवायचा. दोन्ही आकडे पाहुण्याचे. आकडे पुरेसे मोठे दिले की बेरीज चार बाइटांत मावेना, वरचा हातचा गळून पडे आणि जागा अगदी छोटी घेतली जाई. २००३, २०१७, २०२०. तिन्ही वेळा समोरच्याने सांगितलेला आकडा आपल्या हिशेबात शिरला आणि आपली जागा किती हे कुणी शेवटपर्यंत धरून ठेवलं नाही. सांबा लिहिणारे आणि विंडोज लिहिणारे दोघेही आपल्या कामात तरबेज होते. म्हणून "सावध लिहा" एवढ्या उपदेशावर माझा विश्वास नाही. जागेचं माप स्वतःजवळ बाळगणाऱ्या आणि हद्द ओलांडताच काम थांबवणाऱ्या रस्टसारख्या भाषांत असे गाभ्याचे भाग नव्याने लिहिले गेले पाहिजेत. ते काम सुरू झालंय, पण ते वर्षांचं आहे.

आपल्या हातातलं काम मात्र आजचं आहे. गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेत गेले होते. हिशेबाच्या संगणकावर विंडोज १० होतं, अपडेट वेळच्या वेळी झालेली. तरी एसएमबी १ चालू दिसलं. विचारलं तर क्लार्क ताई म्हणाल्या, "झेरॉक्सच्या मशीनवाल्याने चालू करून दिलं, मॅडम. नाहीतर स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये येतच नव्हतं." दाराशी ठेवलेलं ते मशीन जुनं, त्याला नवी बोली येत नव्हती. त्याच्यासाठी ठेवीदारांच्या हिशेबाच्या संगणकाने कित्येक दशकांपूर्वीची भाषा बोलायला सुरुवात केली होती. आम्ही मशीनच्या मेनूत शोधलं, पेन ड्राइव्हवर स्कॅन करायची सोय निघाली. चार पावलं जास्त चालावी लागतात. ताईंनी ती आनंदाने पत्करली.

तेव्हा वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी एवढं करा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा. 'एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' या ओळीपुढची खूण काढा, संगणक पुन्हा सुरू करा. त्यानंतर प्रिंटर किंवा स्कॅनर रुसला, तर खूण परत लावू नका. त्या यंत्राचं नवं फर्मवेअर आहे का ते पाहा, नसेल तर दुसरा मार्ग काढा. इंटरनेट देणाऱ्या राउटरवर एसएमबीचं ४४५ हे पोर्ट बाहेरून उघडं नाही ना, हे बसवणाऱ्याला फोन करून विचारा. आणि नॅसची पेटी असेल तर तिला शेवटचं अपडेट कधी दिलं, ते तिच्या पानावर जाऊन बघा. तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली, तर आजची संध्याकाळ त्या पेटीला द्या.