यंत्र आले, पुढे?

१९९० च्या सुमारास माझी बदली रावेरच्या शाखेत झाली. संगणक अजून आलेला नव्हता. जाडजूड लेजरे, शाईचे डाग आणि काउंटरपलीकडे पीककर्जासाठी बसलेले केळी बागायतदार, असा तो काळ. रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून केळी उत्तरेकडे जात आणि त्यांच्या भावाबरोबर आमच्या शाखेतील ठेवीही वरखाली होत.

एके दिवशी परिसरातल्या एका धर्मादाय दवाखान्याची विश्वस्त मंडळी आली. दवाखान्याचे नाव सांगत नाही. ठराव आणि नोंदणीचा दाखला घेऊन त्यांना खाते उघडायचे होते. एक्स-रे यंत्र घ्यायचे होते. हाड मोडले की माणसाला गाडीत घालून भुसावळ नाहीतर बऱ्हाणपूर गाठावे लागे. त्या वाटेवरचे हाल सगळ्यांनी पाहिले होते.

खात्यात पैसे येऊ लागले. अकरा रुपये, एक्कावन्न रुपये, एकशे एक. एका बागायतदाराने एका कापणीचे पैसे दिले. घड वाहणाऱ्या मजुरांनी एका दिवसाची मजुरी जमा केली. त्या पावत्यांवर अंगठ्यांचे ठसे होते. नोंदी करताना माझा हात थांबायचा. यंत्र आले, पेढे वाटले गेले, भिंतीवर संगमरवरी फलक लागला. मीही टाळ्या वाजवल्या.

दीड वर्षाने त्या यंत्राची ट्यूब गेली. मंडळी पुन्हा बँकेत आली, या वेळी कर्ज मागायला. लेजर उघडून पाहिले तर शिल्लक काही शेकड्यांत होती. दवाखाना गरिबांकडून फार पैसे घेत नव्हता, मग हप्ता कशातून फेडणार? नियमाप्रमाणे आम्ही नकार दिला. नियम चुकीचा नव्हता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. खाते उघडण्याच्या दिवशीच मी विचारायला हवे होते, "अण्णा, यंत्र तर येईल, पुढे काय?" कर्ज देताना हा प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळत होता. देणगी आहे म्हटल्यावर मी तो गिळला. पुढचे कित्येक महिने ते यंत्र चादरीखाली झाकून होते आणि मोडलेले हात पुन्हा रेल्वेने भुसावळला जात होते.

देणगीतून रुग्णालय उभे करण्याची आपली परंपरा मोठी आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले ते जमशेटजी जीजीभाई यांच्या दानामुळे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. आज रावेरचा रुग्णही तिथे जातो. दान्याने पाया घातला, पण पुढचा रोजचा खर्च उचलणारा कोणीतरी पाठीशी उभा राहिला, म्हणून ते टिकले. आमच्या दवाखान्याच्या पाठीशी असे कोणी नव्हते.

दानाचा दुसरा एक प्रकार आपल्या लक्षात येत नाही. १९८८ साली केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या रुग्णालयीन यंत्रांवरची जकात काही अटींवर माफ केली. बाह्यरुग्णांपैकी निदान चाळीस टक्क्यांवर मोफत उपचार करायचे आणि महिना पाचशे रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी दहा टक्के खाटा राखायच्या, अशा त्या अटी होत्या. बुडालेली जकात म्हणजे तुमच्याआमच्या खिशातली देणगीच. अनेक रुग्णालयांनी यंत्रे घेतली आणि अटी विसरल्या. १९९४ साली ही सवलत मागे घेतली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सवलत घेतलेल्यांवरचे हे बंधन कायम चालू राहणारे आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनाही आज दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढावी लागते. आपला हा हक्क किती जणांना ठाऊक असतो?

देणाऱ्यानेही काही गोष्टी समजून घ्याव्यात. करसवलत मिळते ती पैशाच्या देणगीवर; यंत्रच विकत घेऊन दिले तर नाही. दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला फुकट देणेसुद्धा गुन्हा ठरतो, कारण गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा तसा आहे. चांगल्या मनाने दिलेले यंत्र खोक्यातच राहू नये, म्हणून हे आधी विचारावे.

आणि मुख्य हिशेब देखभालीचा. यंत्राला चालवणारा तंत्रज्ञ हवा, व्होल्टेज सांभाळायला स्टॅबिलायझर हवा, आमच्या मे महिन्यातल्या उन्हात खोली गार हवी, दरवर्षी देखभालीचा करार हवा. दहा लाखांचे यंत्र घ्यायचे असेल तर सगळे दहा लाख यंत्रात घालू नयेत. थोडे लहान यंत्र घ्यावे आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकून तिच्या व्याजाला देखभालीखेरीज कोणी हात लावणार नाही, असा ठराव करावा. सात टक्क्यांनी तीन लाखांचे वर्षाला एकवीस हजार होतात. ही रक्कम मोठी नाही, पण ट्यूब गेली त्या वेळी आमच्या खात्यात तेवढीही नव्हती.

त्या दवाखान्याने नंतर हेच केले. पुन्हा वर्गणी झाली, पण या वेळी ठेवीसाठी. फलकावर नाव लागणार नाही हे सांगूनच पैसे मागितले, म्हणून कमी जमतील असे मला वाटले होते. पहिल्याच दिवशी एक वयस्क शेतकरी धोतराच्या सोग्यात बांधलेल्या नोटा घेऊन काउंटरवर आले. मी म्हटले, "आबा, तुमचं नाव कुठे लागणार नाही हं." ते हसले. "नाव कशाले साहेब? मशीन चालू ऱ्हायलं म्हंजे झालं."

माझ्या नोकरीतल्या पुष्कळ मोठ्या ठेवी मी आता विसरलो आहे. ती पावती मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. उद्या तुमच्या दारी कोणी रुग्णालयाच्या यंत्रासाठी वर्गणी मागायला आले, तर हात आखडता घेऊ नका. फक्त पावती फाडण्याआधी विचारा, "यंत्र आलं, पुढे?" उत्तर नीट मिळाले, तर मनात होते त्याहून थोडे अधिकच द्या.