शेजाऱ्यांशी वीजव्यापार : तारेआधी नियमांची जोडणी

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यापुढे पाल्कची सामुद्रधुनी असून तिच्या पलीकडे श्रीलंका आहे. तमिळनाडू आणि श्रीलंकेची वीजजाळी समुद्राखालून जोडण्याच्या दृष्टीने ५ एप्रिल २०२५ रोजी कोलंबो येथे भारत व श्रीलंकेत सामंजस्य करार झाला. मार्च २०२२ च्या अखेरीस श्रीलंकेत दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज बंद ठेवावी लागली होती. तर तमिळनाडूत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पवनऊर्जेची निर्मिती वाढते. त्यामुळे ही जोडणी उभयतांच्या हिताची मानली जाते.

मात्र केवळ केबल टाकल्याने व्यापार सुरू होत नाही. दर कसा ठरणार, टंचाईच्या काळात प्रथम हक्क कोणाचा आणि तंटा कोठे सोडवायचा, हे आधी निश्चित करावे लागते. सीमेपलीकडील वीजव्यवहारासाठी भारताने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नेपाळची ४० मेगावॉट वीज नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतमार्गे प्रथमच बांगलादेशात पोहोचली. तारा आधीपासून होत्या. पण त्यासाठी तिन्ही देशांचा करार व्हावा लागला.

दुसरा प्रश्न कार्बनचा आहे. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर १ जानेवारी २०२६ पासून कार्बन आकार लागू केला. नॉर्वे व स्वित्झर्लंड यांना त्यातून सूट आहे, कारण उत्सर्जनाबाबतची त्यांची व्यवस्था संघाच्या व्यवस्थेशी जोडलेली आहे. ब्रिटननेही मे २०२५ मध्ये अशा जोडणीच्या दिशेने जाण्याचे मान्य केले. भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. परंतु ब्रिटनने २०२७ पासून योजलेल्या कार्बन आकारातून भारतीय मालाला त्यात सूट मिळालेली नाही. म्हणजेच सीमाशुल्क घटल्याने होणारा लाभ कार्बन आकारामुळे कमी होऊ शकतो.

भारताने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. कोळशाची आणि वाऱ्याची वीज एकाच तारेतून वाहते. तिचे उत्सर्जन कोणाच्या खात्यात मांडावे, हे श्रीलंकेशी करार करतानाच ठरले, तर पुढे निर्यातदारांना त्याचा पुरावा देणे सुलभ होईल. समुद्राखालील केबल अनेक दशकांसाठी टाकली जाते. नियमांचा मेळ आरंभीच बसला नाही, तर त्याची किंमत दोन्ही किनाऱ्यांवरील ग्राहकांना आणि उद्योगांना दीर्घकाळ मोजावी लागेल.