सही कुणाची?

21 जून 2012च्या दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता वरचे मजले पेटले. सहाव्या मजल्यावरचे मुख्यमंत्री कार्यालयही त्यातून सुटले नाही. पाच जणांचा जीव गेला. पुढे काही विभागांनी जी. टी. रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतीत बस्तान मांडले. जागेचा प्रश्न असा सुटतो. नस्तीचा सुटत नाही. नस्तीतला पत्रव्यवहार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा विभागीय आयुक्तांकडे शोधला तर सापडतो, पण टिपणी? कार्यासन अधिकाऱ्यापासून मंत्र्यांपर्यंत कोणी काय शेरा मारला, कुणाचा विरोध होता, हे त्या एकाच कागदावर असते. नस्त्या संगणकावर ठेवणाऱ्या ई-ऑफिसचा खरा उपयोग इथे आहे.

आपल्याकडची आपत्तीची तयारी मात्र बहुतेक इमारती, बोटी आणि दूरध्वनी क्रमांकांची असते. ती हवीच, 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईने ते अनुभवले. त्याच वर्षाअखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार मुख्यमंत्री राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष. आणीबाणीच्या प्रसंगी ते प्राधिकरणाचे सारे अधिकार एकट्याने वापरू शकतात, मंजुरी मागाहून घ्यायची.

आणि तेच सापडत नसतील तर?

2 सप्टेंबर 2009ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झाले. दुसऱ्या दिवशी अवशेष मिळाले आणि त्याच दिवशी नवे मुख्यमंत्री म्हणून रोसय्यांचा शपथविधी झाला. अरुणाचलात 2011 साली मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर असेच बेपत्ता झाले, तेव्हा त्यांचा शोध लागायला काही दिवस गेले. आपल्याकडे 25 मे 2017ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचे हेलिकॉप्टर कोसळले. ते बचावले म्हणून चर्चा तिथेच थांबली. तहसीलदार रजेवर गेले तरी अतिरिक्त कार्यभाराचा आदेश निघतो. मुख्यमंत्री परदेशी निघाले तर कामे वाटून देऊ शकतात. बेपत्ता माणूस काही वाटून जात नाही. राज्यघटनेत ‘प्रभारी मुख्यमंत्री’ असे पद नाही, उपमुख्यमंत्रीही घटनेला ठाऊक नाही. सारी भिस्त राज्यपालांच्या तारतम्यावर आणि पक्षातल्या एकमतावर. रोसय्यांच्या वेळी ते पटकन जमले. नेहमी जमेलच, असे मानणे माझ्या मते धाडसाचे आहे.

कधी संकट माणसाला हात न लावता तारीख गाठते. उद्धव ठाकरे 28 नोव्हेंबर 2019ला मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून येणे भाग होते, आणि करोनामुळे विधान परिषदेची निवडणूकच पुढे ढकललेली. मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस दोनदा केली, तरी प्रश्न लोंबकळतच राहिला. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिले, आयोगाने परवानगी दिली आणि मे 2020च्या मध्यावर ते बिनविरोध निवडून आले. मुदत संपायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. ही धावपळ चालली असताना, टाळेबंदीतल्या महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच होते.