नाकावर विश्वास ठेवू नका

हायड्रोजन सल्फाइड हवेत अगदी नगण्य प्रमाणात असला, दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी, तरी नाकाला तो लगेच कळतो. कुजलेल्या अंड्यांचा वास. पण हेच प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या घरात गेलं, की काही मिनिटांत वास येणंच थांबतं. वायू कुठेही गेलेला नसतो. वास ओळखणारी नाकातली यंत्रणा बधिर झालेली असते. माणसाला वाटतं, गेला एकदाचा. प्रमाण हजाराच्या आसपास पोचलं, तर एकदोन श्वासांत माणूस कोसळू शकतो.

हा वायू आपल्यापासून फार लांब नाही. वसईच्या जुन्या नावाने ओळखलं जाणारं बसीन क्षेत्र मुंबईसमोरच्या समुद्रात आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून समुद्राखालच्या २१७ किलोमीटर लांब पाइपलाइनमधून तो सुरतजवळच्या हजिऱ्याला नेऊन शुद्ध करतात. अशा ठिकाणी काम करायला निघालेल्या मुलांना सुरुवातीलाच सांगितलं जातं: वास गेला म्हणजे धोका गेला असं समजायचं नाही. अंगावरच्या डिटेक्टरचं ऐकायचं. भोंगा झाला की आधी विंडसॉक बघायचा, वारा कुठून येतोय ते ठरवायचं आणि वाऱ्याच्या आडव्या किंवा उलट दिशेने निघायचं. वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, तळघरात, टाकीच्या तळाशी साचतो, तेव्हा उंचावर जायचं. आणि सगळ्यात कठीण सूचना: सोबती डोळ्यांसमोर पडला तरी स्वतः मास्क चढवल्याशिवाय त्याच्याकडे धावायचं नाही. धावणारा दुसरा बळी ठरतो, हे या उद्योगाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तेल आणि वायूच्या नोकऱ्यांसाठीचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला पाने, व्हॉल्व्ह, वेल्डिंगच्या ठिणग्या आठवतात. ते सगळं असतंच. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेली मुलं इथे येतात. सरकारी तेल कंपन्यांनी भुवनेश्वर, विशाखापट्टणम, कोची, अहमदाबाद, गुवाहाटी आणि रायबरेलीला कौशल्य विकास संस्था उभारल्या आहेत. पण मला थक्क करतं ते वेगळंच. या प्रशिक्षणाचा मोठा भाग म्हणजे जन्मापासून सोबत असलेल्या इंद्रियांवर कुठे विश्वास ठेवायचा नाही, हे अंगात मुरवणं.

हेलिकॉप्टरचंच बघा. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रावर जाणारे कर्मचारी जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. ते समुद्रात उतरवायची वेळ आली तर काय करायचं, याची तालीम तरणतलावात होते. क्रेनला केबिनचा सांगाडा टांगलेला असतो, त्याला डंकर म्हणतात. आत खुर्च्या, चार पट्ट्यांचे सीटबेल्ट, खिडक्या. मुलं बसतात, पट्टे आवळतात, सांगाडा पाण्यात उतरू लागतो. पाणी गुडघ्यांवर, छातीवर, हनुवटीपर्यंत येतं. एक शेवटचा श्वास, आणि केबिन गर्रकन उलटी होते. खरं हेलिकॉप्टर पाण्यात असंच उलटतं, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि पंखा हे सगळं वजन टपावर असतं. टपावर वाजवीपेक्षा जास्त माल लादलेल्या टेम्पोसारखं. तरंगवणारे फुगे असतात, पण खवळलेल्या समुद्रात त्यांचाही भरवसा नाही.

उलट्या केबिनमध्ये नाकात पाणी शिरतं. कानाच्या आतला द्रव अजून गरगरत असतो, त्यामुळे मेंदूला वर-खाली कळत नाही. डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. अशा वेळी शरीराची पहिली ऊर्मी असते पट्टा सोडून वर झेपावण्याची. तीच चूक. पट्टा सुटला की माणूस केबिनमध्ये तरंगू लागतो आणि खिडकी कुठे होती याचा हिशेबच संपतो. पट्टा बांधलेला असेपर्यंत मात्र तुम्ही केबिनसोबत फिरता; उजव्या हाताची खिडकी जग उलटंपालटं झालं तरी उजव्या हातालाच राहते. म्हणून एक हात आधीपासून खिडकीच्या चौकटीवर. सगळी हालचाल थांबेपर्यंत कळ काढायची. मग खिडकी ढकलायची, तिची कड घट्ट धरायची, त्यानंतरच पट्टा सोडायचा आणि त्या हाताच्या मागोमाग बाहेर निघायचं. लाइफ जॅकेट आत असताना फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट तुम्हाला वर, म्हणजे उलट्या केबिनच्या तळाला, दाबून धरील. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायमध्ये सागर किरण रिगपाशी नऊ जणांना घेऊन आलेलं हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं. पाच वाचले, चार गेले.

विहिरीतल्या वायूची गोष्ट मला याहूनही विलक्षण वाटते. ड्रिलिंग चालू असताना पाइपातून खाली एक जड द्रव सोडत राहतात, त्याला मड म्हणतात. पाणी किंवा तेल, बेंटोनाइट माती, वजनासाठी बराइट. या मडच्या वजनानेच खडकातले वायू आणि तेल जागच्या जागी दबून राहतात. वजन कमी पडलं की वायू विहिरीत घुसतो. ही किक. तीन किलोमीटर खाली काय झालं ते कुणाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. ड्रिलरला दिसते ती फक्त टाकीतली मडची पातळी. आत सोडलं त्यापेक्षा बाहेर जास्त येतंय का? पंप बंद केला तरी मड वाहतंय का?

आता थोडा हिशेब. ३,००० मीटर खोल विहिरीत पाण्याच्या १.२ पट जड मड असेल, तर तळाशी हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट दाब असतो. तिथे शिरलेला एक लिटर वायू वर सरकू लागतो. ढोबळमानाने, अर्धं अंतर, म्हणजे तब्बल दीड किलोमीटर, चढून आला तरी तो जेमतेम दोन लिटर होतो. आणखी साडेसातशे मीटरनंतर चार. पृष्ठभागापासून ८५ मीटरवर पोचेपर्यंत बत्तीस. आणि त्या शेवटच्या ८५ मीटरांत बत्तीसचे साडेतीनशे! प्रवासाच्या जवळजवळ सगळ्या वाटेवर ज्याने काहीच दाखवलं नाही, तो वायू अखेरीस मड बाहेर फेकत उसळतो. टाकीतल्या पातळीच्या किरकोळ वाढीला का घाबरायचं, ते इथे कळतं.

मग ब्लोआउट प्रिव्हेंटरने विहिरीचं तोंड बंद करायचं. पण बंद करून स्वस्थ बसताही येत नाही. फुगायला जागा न मिळालेला वायू तळाचा दाब सोबत घेऊन वर येतो आणि विहिरीत सगळीकडेच दाब चढत जातो, अगदी खडक फुटेपर्यंत. त्याला चोकमधून, म्हणजे कमीजास्त उघडता येणाऱ्या झडपेतून, मोजूनमापून फुगू द्यावं लागतं. सिम्युलेटरवर शिकणाऱ्याच्या समोर दाबाचे दोन काटे असतात: एक ड्रिल पाइपचा, दुसरा त्याभोवतीच्या केसिंगचा. केसिंगचा काटा वायू वर येतो तसा चढत जातो, आणि हात आपोआप चोक सैल करायला जातो. सैल केला की तळाचा दाब घटतो आणि नवा वायू आत येतो. म्हणून घाबरवणारा काटा चढू द्यायचा आणि नजर तळाच्या दाबाचा अंदाज देणाऱ्या ड्रिल पाइपच्या काट्यावर खिळवायची. विहिरीवरचा ताबा सुटला तर काय होतं, ते आंध्रातल्या पासरलापुडीने १९९५ मध्ये ६५ दिवस आग सोसून पाहिलं. आसामातल्या बागजानची विहीर २७ मे २०२० ला उसळली, ९ जूनला पेटली आणि विझायला नोव्हेंबर उजाडला. वीस वर्षं रिगवर काढलेल्या ड्रिलरलाही आंतरराष्ट्रीय वेल कंट्रोल फोरमचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं, ते यासाठी.

शिकवणही चुकते. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मला आग लागली. नियमाप्रमाणे अनेक जण राहत्या इमारतीत जमून हेलिकॉप्टरची वाट बघत राहिले. धुरामुळे हेलिकॉप्टर उतरूच शकलं नाही. १६७ जण मेले. वाचलेल्या ६१ जणांपैकी कित्येकांनी नियम मोडून समुद्रात उड्या घेतल्या होत्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने नंतर सुरक्षेच्या पद्धतीच बदलायला लावल्या.

आपल्याकडचा असा आगीचा दिवस २७ जुलै २००५. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली, म्हणून उपचारासाठी समुद्र सुरक्षा हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला भिडायला आलं, लाटांनी त्याला वायूच्या पाइपावर आदळवलं, आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला. भर पावसाळ्यातल्या समुद्रातून ३८४ पैकी ३६२ माणसं वाचवण्यात आली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात बेतुलला ओएनजीसीचं समुद्री बचाव प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. वर्षाला दहा ते पंधरा हजार जणांना तिथे शिकवण्याचा बेत आहे. त्या आकड्यात कंत्राटी वेल्डर, रंगारी आणि स्वयंपाकीही पूर्ण अभ्यासक्रमासह मोजले गेले पाहिजेत, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च व त्या दिवसांची मजुरी कंत्राटातच लिहून दिली गेली पाहिजे.